माघी जयंती आणि आमचे तात्या

माघ शुद्ध चतुर्थीला आमच्या मंडळाचा वर्धापनदिन असतो. कुडाळ आणि वेंगुर्ले यांच्या मधल्या आमच्या गावात या एका दिवशी जेवढी माणसे एका मांडवाखाली येतात, तेवढी भाद्रपदातल्या चतुर्थीलाही दिसत नाहीत; कारण तेव्हा गणपती घरोघर असतो आणि ही पूजा मात्र सगळ्या वाड्यांची मिळून एकच असते. सकाळी पूजा, दुपारी महाप्रसाद, संध्याकाळी हळदीकुंकू आणि फुगड्या, मग भजनाची डबलबारी, म्हणजे दोन भजनी बुवांचा सामना, किंवा शाळेतल्या मुलांचा कार्यक्रम आणि रात्री दशावतारी नाटक, हा क्रम वर्षानुवर्षे ठरून गेलेला आहे. गेल्या पावसाळ्यात तात्या गेले आणि यंदाच्या जयंतीची पहिली बैठक त्यांच्याविना बसली. कामे वाटून घ्यायला माणसे पुष्कळ होती. मात्र कोणते काम कुणाकडे द्यावे, हे सांगणारे कुणी नव्हते.

तात्या पोस्टात होते. टपाल वाटण्याच्या निमित्ताने प्रत्येक घराचा उंबरठा त्यांच्या ओळखीचा झाला होता आणि मुंबईला असलेल्या प्रत्येक चाकरमान्याचा पत्ता त्यांना तोंडपाठ होता. कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण मार्गावर धावू लागली, त्याआधी माघीला मुंबईहून येणे म्हणजे एस.टी.ची अख्खी रात्र काढणे असे. तरीही माणसे येत, कारण तात्यांचे पोस्टकार्ड महिनाभर आधी पोहोचलेले असे. त्यात वर्गणीचा उल्लेख शेवटच्या ओळीत असे आणि पहिल्या ओळीत यंदा कोणती दशावतारी कंपनी ठरली आहे ते असे.

ते स्वतः कधी रंगमंचावर उभे राहिले नाहीत. गाणे नाही, पखवाज नाही, भाषणही नाही. त्यांचा जीव अडकलेला असे तो रंगमंचाच्या मागच्या पडवीत, जिथे कंपनीची माणसे रंगायला बसत. टेम्पो आला की पेटारे उतरवून घ्यायला ते स्वतः पुढे होत. पडवी सारवून ठेवलेली, चटया अंथरलेल्या, कोपऱ्यात गरम पाण्याचा हंडा आणि आले घातलेल्या चहाची किटली, एवढी तयारी झाल्याशिवाय ते घरी जेवायला जात नसत. मंडळाच्या पंगतीतही त्यांचा एकच शब्द चाले: "खेळकऱ्यांका पयले वाढा, मगे आपण जेवया." काळ्या वाटाण्याचे सांबार, वडे आणि भात आधी त्या पानांवर पडत असे आणि अध्यक्षसुद्धा थांबून राहत.

आम्हा मुलांपैकी दोघातिघांना ते त्या पडवीत बसू देत. अट एवढीच, की तोंडातून शब्द काढायचा नाही. तिथे पाहिलेले मला अजून स्वच्छ आठवते. प्रत्येक नट आपापल्या पेटाऱ्याजवळ मांडी घालून बसलेला, एका हातात आरसा, दुसऱ्या हाताने खोबरेल तेलात कालवलेला सफेता तोंडावर चढवतो आहे. दशावतारात रंगभूषाकार वेगळा नसतो, ज्याचा त्याने रंग करायचा. स्त्रीपार्टी नटाने लुगड्याच्या निऱ्या नीट केल्या, गळ्यात माळ घातली आणि तात्यांकडे वळून अगदी सहज विचारले, "तात्यानूं, कुकू मधी इला मां?" तात्यांनी कंदील वर धरला, नीट पाहिले आणि होकारार्थी मान हलवली. दुपारी पेटारे उतरवणारा तो माणूस त्या क्षणापासून आमच्या लेखी राणीच होता.

दशावताराला लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरते आणि संवाद नट जागच्या जागी रचतात. म्हणूनच समोरचा प्रेक्षक कसा आहे, यावर रात्रीचा रंग ठरतो, हे तात्या आम्हाला वारंवार सांगत. मंडळातल्या तरुणांना पुढे पुढे घाई होऊ लागली. गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती, वेद चोरणारा संकासुर आणि त्याला मारणारा विष्णू, हा मुख्य कथेआधीचा सगळा आडदशावतार आटोपता घ्यावा आणि थेट आख्यानाला हात घालावा, असे बैठकीत कुणीतरी सुचवले. मला वाटते, तात्यांना मी आवाज चढवताना पाहिले ते त्या एकाच बैठकीत. वेळ कमी पडत असेल तर सत्कार कमी करा, असे ते म्हणाले. तेव्हापासून आमच्याकडे नारळ-शाल देण्याचा कार्यक्रम हळदीकुंकवाच्या आधी उरकतो आणि संकासुराला त्याची पूर्ण वेळ मिळते. ट्रिकसीनच्या, म्हणजे रंगमंचावर चमत्काराची दृश्ये दाखवणाऱ्या, नाटकांना मात्र त्यांचा विरोध नव्हता. मुलांना आवडते ना, मग आणूया, असे तेच म्हणत.

पिंगुळीची चित्रकथी शाळेत आणली तीही त्यांनीच. पिंगुळी आमच्यापासून काही लांब नाही, तरीही ठाकर समाजाची ही कला गावातल्या बहुतेकांनी कधी पाहिली नव्हती. एकेक चित्र पुढे धरून रामायणातली कथा वाद्यांच्या साथीने सांगितली गेली तेव्हा पहिलीपासून सातवीपर्यंतची सगळी मुले एका जागी बसून होती. पुढे २०२१ च्या जानेवारीत पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांना पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा वर्तमानपत्राचे ते पान तात्यांनी शाळेच्या फळ्यावर चिकटवून ठेवले होते.

मानधनाच्या बाबतीत ते फार कडक होते. आमच्याकडे दशावतारी नटाबद्दल म्हणतात, "रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा." त्या बोज्याची जाणीव त्यांना होती. "रंग पुसूच्या आदी पैशे हातात पडाक व्हये," असे सांगून ते पहाटे नाटकाच्या शेवटचा दहीकाला होताच पाकीट कंपनीच्या मालकांच्या हातात देत. वर्गणी जमली नसेल तर स्वतःच्या पेन्शनमधून. टाळेबंदीत जत्रा बंद झाल्या, नाटकांचा हंगाम बुडाला, तेव्हा मुंबईकरांकडून पैसे गोळा करून त्यांनी ओळखीच्या कलाकारांच्या घरी तांदूळ आणि डाळ पोहोचवली. त्याची यादी त्यांनी कुणाला दाखवली नाही, मंडळाच्या अहवालातही येऊ दिली नाही. मदत मिळालेल्यांपैकी काहीजण त्यांच्या बाराव्याला आले आणि बोलले, म्हणून आम्हाला ती हकिगत समजली.

२०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळाने त्या पडवीचे छप्पर उडवले. त्यानंतर दरवर्षी ताडपत्री बांधून वेळ भागवली जात होती आणि तात्या प्रत्येक बैठकीत पक्क्या खोलीची मागणी करत होते: दाराला आतून कडी, पाण्याचा नळ आणि आरशावर पडेल असा दिवा. यंदाच्या बैठकीत तो ठराव एकमताने झाला. चिरे पावसाआधीच येऊन पडले होते, दिवाळीनंतर जोते भरले गेले, आता लिंटलपर्यंत भिंती आल्या आहेत. मुंबई शाखेकडून दरवाजाचे आणि पत्र्यांचे पैसे यायचे आहेत. जयंतीच्या आधी आठ दिवस पत्रे चढायला हवेत, कारण यंदाची कंपनी ठरली आहे.