टायर थंड असताना

२०२२च्या जुलैत, भर पावसात, म्हापशाच्या एका टायरवाल्या काकांनी माझ्या गाडीचं पुढचं चाक पूर्ण वळवलं आणि मला खाली वाकून हात फिरवायला सांगितलं. मधली नक्षी बरी होती, पण दोन्ही कडा हाताला गुळगुळीत लागत होत्या. नवी गाडी घेऊन दीड वर्ष झालं होतं, मीटरवर २४ हजार किलोमीटर.

"बाय, हवा बघतेस की नाही?"

मला वाईट वाटलं, कारण हवा मी दर पंधरा दिवसांनी न चुकता भरत होते. "पणजीत भरते, ऑफिसला जाताना. बरोबर ३३."

"आणि गाडी येते डिचोलीहून. मग टायर गरम असणार ना गो!"

माझ्या दीड वर्षाच्या चुकीचं मूळ तिथंच होतं. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर जो आकडा चिकटवलेला असतो, तो थंड टायरचा. गाडी किमान तीन तास उभी असावी, नाहीतर फार तर दीड-दोन किलोमीटर चाललेली. तीस किलोमीटर धावलेल्या टायरमधली हवा तापून फुगते आणि काटा तीन-चार पीएसआयने (हवेचा दाब मोजायचं एकक) वर जातो. म्हणजे पणजीत ३३ दिसत होते तेव्हा थंड हिशेबाने आत २९-३० च असत. हवा कमी असली की टायर मधून दबतो, भार दोन्ही कडांवर येतो आणि कडा आधी झिजतात. जास्त हवेत उलट, मधला पट्टा जातो. एकाच बाजूची कड खाल्ली असेल तर अलायनमेंट, म्हणजे चाकांचा कोन, बिघडलेलं. काकांनी तिथल्याच जुन्या टायरांच्या ढिगातून हे तिन्ही प्रकार काढून दाखवले. ती दहा मिनिटं मला फार मोलाची वाटतात.

पुढचे दोन्ही बदलावेच लागले, ४,६०० रुपयांना एक. माझी समजूत होती की नवे टायर पुढे बसवायचे. काकांनी मागे बसवले आणि मागचे पुढे आणले. ओल्या रस्त्यावर मागची पकड सुटली तर गाडी गर्रकन फिरते आणि ती सावरणं कठीण, म्हणून चांगली जोडी मागे. टायरच्या बगलेवर कोरलेले शेवटचे चार आकडेही वाचायला शिकवलं. २३१९ असेल तर २०१९चा तेविसावा आठवडा. पुढच्या वर्षी जुनी जोडी बदलताना दुसऱ्या एका दुकानात मला दोन वर्षं पडून राहिलेला माल काढून दिला होता, तो मी हा आकडा वाचूनच परत केला.

मग ४५० रुपयांचा हवा मोजायचा गेज घेतला. दर रविवारी सकाळी, गाडी हलवण्याआधी, चारही चाकं मोजायची. आमच्याकडे घरी हवा भरायची सोय नाही, आणि पंपापर्यंत जाताना टायर थोडे तापतातच. त्यावर मी फरकाचा हिशेब धरते. घरी २९ दिसले आणि पाहिजेत ३३, तर पंपावर काटा जे दाखवेल त्यात चार वाढवायचे, मग पंपाचा काटा आपल्या गेजशी जुळो न जुळो. तापलेल्या टायरची हवा जास्त दिसली म्हणून ती सोडायची मात्र नाही.

गणेश चवथीला सत्तरी तालुक्यातल्या मूळ घरी जातो तेव्हा गाडीत आम्ही पाच माणसं, कपडे, माटोळीचं (गणपतीवर बांधायच्या फळाफुलांच्या छताचं) सामान. दाराच्या चौकटीवरच्या त्याच स्टिकरवर पूर्ण भारासाठीचा वेगळा आकडा असतो, मागच्या चाकांना जास्त. तो आदल्या दिवशीच भरून ठेवते. पहिल्याच वर्षी त्या निमित्ताने स्टेपनी मोजली तर तिच्यात १४ पीएसआय निघाले!

आमच्याकडे खरा त्रास पावसाचा. खड्डा पाण्याने भरला की त्याची खोली कळत नाही, आणि रस्त्याच्या कडेला जांभ्याचे दगड पाण्याखाली दडलेले असतात. पुढचं डावं चाक एकदा जोरात आपटलं, तेव्हापासून आठवड्याला तीन पीएसआय कमी व्हायला लागले. साबणाचं पाणी लावलं तर रिमच्या कडेवर बुडबुडे. रिम सरळ करून घेतली आणि लगेच अलायनमेंटही. असा दणका बसला नाही तर दर आठ-दहा हजार किलोमीटरना अलायनमेंट, बॅलन्सिंग आणि चाकांची अदलाबदल. व्हॉल्वची टोपी हरवली तर लगेच नवी बसवावी, तांबडी माती आत शिरते. आणि खिळा नक्षीत घुसला तर पंक्चर निघतं, बगलेत घुसला तर टायर गेलाच म्हणायचा.

त्या दोन जोड्यांचा हिशेब वहीत आहे. पहिली जोडी २४ हजार चालली, दुसरीच्याच ४,६०० च्या भावाने धरली तरी किलोमीटरमागे ३८ पैसे. दुसरी यंदाच्या मे महिन्यापर्यंत ४३ हजार चालली. अलायनमेंट-बॅलन्सिंगचा या जोडीच्या वाट्याचा खर्च आणि गेज धरून २६ पैसे. एवढ्या एका जोडीमागे पाच हजारांवर वाचले. पेट्रोलही आधीपेक्षा थोडं कमी लागतं, पण ते मी नीट मोजलेलं नाही, म्हणून हिशेबात घेत नाही.

या जोडीच्या नक्षीची खोली परवा मोजली, ३ मिलिमीटर. कायद्याची मर्यादा १.६, नक्षीच्या खाचेत तेवढ्या उंचीच्या आडव्या पट्ट्याच दिलेल्या असतात. कोरड्या रस्त्यावर आणखी काही हजार किलोमीटर निघाले असते. पण आमच्याकडे पाऊस इंचांची शंभरी गाठतो, आणि झिजलेल्या खाचांतून पाणी बाहेर फेकलं जात नाही, टायर पाण्यावर तरंगतो. महामार्गावर एकदा हातातलं स्टिअरिंग असं क्षणभर हलकं झालेलं मी अनुभवलंय, मागच्या सीटवर मुलगी झोपली होती. मिरगाआधी नवी जोडी बसवायची म्हणून काकांना फोन केलाय. या वर्षीचा माल आला की ते कळवणार आहेत.