आईच्या लुगड्याची गोधडी

शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहावे असे पत्र हाती पडले, आणि इमारत, घंटा, प्रार्थनेची रांग यांच्याही आधी शिवणाच्या बाई डोळ्यांसमोर उभ्या राहिल्या. आमच्या पिढीला त्यांचे नाव सांगावे लागत नाही. नुसते ‘बाई’ म्हटले की त्याच.

शास्त्राचा, म्हणजे बायबलचा, तासही बाईच घेत, त्यामुळे हे दोन विषय निराळे आहेत असे आम्हां मुलींना कधी वाटलेच नाही. आदाम आणि हव्वा यांची गोष्ट सांगताना त्या उत्पत्तीच्या 3ऱ्या अध्यायातील 21व्या वचनापाशी थांबत आणि म्हणत, “मुलींनो, बागेतून बाहेर घालवण्यापूर्वी देवाने त्यांच्यासाठी स्वतः कपडे केले.” निवासमंडपाच्या, म्हणजे इस्राएल लोकांच्या उपासनेच्या तंबूच्या, कामासाठी देवाने आपल्या आत्म्याने परिपूर्ण केलेला बसालेल हा राजा नव्हता, संदेष्टाही नव्हता, तर सोने, रुपे, पितळ आणि लाकूड हाताळणारा कारागीर होता, हे निर्गमच्या 31व्या अध्यायातून त्यांनीच आम्हांला दाखवले. कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ताची स्तुती अभंगांत गायिली, तीही आपल्या घरात होते त्याच सुताने, असे त्या सांगत.

सातवीत हंगामाच्या सणासाठी, म्हणजे पिकाबद्दल देवाचे आभार मानण्याच्या चर्चमधल्या सणासाठी, वर्गाने गोधडी शिवायचे ठरले आणि घरून जुनी लुगडी आणायला सांगितले. आमच्या आईच्या लुगड्याला चुलीतल्या ठिणगीने भोक पडले होते. त्याची लाज वाटून मी चिटाचा नवाकोरा तुकडा विकत घेऊन गेले. बाईंनी तो घडी घालून माझ्या पिशवीत परत ठेवला. “शून्यातून निर्माण करणे एका देवाला जमते, बाळ. त्याने जे हाती दिले आहे, त्यातूनच आपण करायचे. घरात आहे ते आण.” दुसऱ्या दिवशी मी ते लुगडे नेले. भोक झाकण्यासाठी बाईंनी खणाच्या तुकड्याचे पिंपळपान कातरून दिले; त्याचे टोक नीट बसेना, म्हणून मी ते तीनदा उसवले, आणि तिन्ही वेळा बाई काही न बोलता शेजारी बसून राहिल्या. मग काठाकडून आत येत, चौकोनात चौकोन असा धावदोरा घालत आम्ही सगळ्यांनी गोधडी पुरी केली.

सणाच्या उपासनेनंतर कोंबड्या, भोपळे, ज्वारीची कणसे यांच्या लिलावात ती पुकारली गेली, तेव्हा मागच्या बाकावरून आई उठून पुढे आली आणि आपल्या लुगड्याचा काठ ओळखून तिने त्यावरून हात फिरवला. बोली लावण्याइतके पैसे तिच्याजवळ नव्हते. परतताना ती एवढेच म्हणाली, “पान चांगलं झालंय गं.”

पुढे मी 28 वर्षे शिवणकाम शिकवले. शिकवलेल्या मुलींपैकी कित्येकींचे संसार आज शिलाई मशीनवर उभे आहेत, याचा मला अभिमान वाटतो. परंतु आपल्या शाळेच्या वेळापत्रकात आता शिवणाचा तास नाही, त्या खोलीत संगणक आहेत, हे ऐकून मन फार खट्टू झाले. संगणक हवेतच, पण सुई हाती धरायला शिकवणारा आठवड्याचा एक तास मुलामुलींना मिळालाच पाहिजे, अशी माझी शाळेला कळकळीची विनंती आहे. महोत्सवाला येताना मी दोन जुनी लुगडी, जाड दोरा आणि सुयांची पुडी घेऊन येणार आहे. व्हरांड्यात बसायला थोडी जागा मिळावी.