एमएलएस विस्ताराचा तक्ता: लोकसंख्येचा रकाना मागे, जमिनीचा पुढे

मेजर लीग सॉकर ही फुटबॉलची लीग, म्हणजेच एमएलएस, नव्या संघांसाठी अमेरिका आणि कॅनडातील शहरे कशी निवडते, याचा जो तक्ता मी छंद म्हणून तयार करीत आहे, त्याची आजवरची प्रगती येथे नोंदवीत आहे. मागील टप्प्यापर्यंत त्यात शहराचे नाव, महानगर क्षेत्राची लोकसंख्या, लीगला भरलेले प्रवेश शुल्क आणि पहिल्या हंगामाचे वर्ष एवढेच रकाने होते. आता त्यात आणखी तीन रकाने आले आहेत: प्रस्तावामागचा मुख्य गुंतवणूकदार कोण, स्टेडियमची जमीन कोणाच्या हातात आहे, आणि सार्वजनिक पैशाचा निर्णय कोणी व केव्हा घेतला. हे रकाने भरल्यानंतर तक्ता लोकसंख्येच्या उतरत्या क्रमाने लावण्यात फारसा अर्थ उरला नाही, म्हणून सध्या तो जमिनीच्या रकान्यानुसार लावलेला आहे.

लोकसंख्या मागे का पडली, हे आकड्यांवरूनच दिसते. २०२० च्या जनगणनेनुसार फीनिक्स महानगर क्षेत्राची लोकसंख्या सुमारे ४८ लाख, डेट्रॉइटची सुमारे ४४ लाख आणि टँपाची सुमारे ३२ लाख होती. या तिन्ही ठिकाणी आज एमएलएसचा संघ नाही. सुमारे २० लाखांच्या नॅशव्हिलला आणि २३ लाखांच्या ऑस्टिनला मात्र तो मिळाला, आणि जेमतेम साडेबारा लाखांचे सॉल्ट लेक सिटी तर २००५ पासून लीगमध्ये आहे. अमेरिकेच्या फुटबॉल महासंघाच्या प्रथम श्रेणीच्या निकषांनुसार लीगमधील किमान ७५ टक्के संघ दहा लाखांहून अधिक वस्तीच्या महानगर क्षेत्रांत असावे लागतात आणि स्टेडियमची क्षमता किमान १५ हजार असावी लागते. लोकसंख्येचे काम एवढेच, की ती शहराला उंबरठ्यापर्यंत आणून सोडते. पुढचे सारे इतर रकान्यांवर ठरते.

युरोपीय लीगांचा अभ्यास करून या विषयाकडे वळणाऱ्यांसाठी एक खुलासा आवश्यक आहे. एमएलएसमध्ये बढती-घसरण, म्हणजे निकालांनुसार संघ वरच्या वा खालच्या श्रेणीत जाणे, नाही, आणि प्रत्येक संघ ही स्वतंत्र कंपनीही नाही. संघाचा मालक हा वस्तुतः संपूर्ण लीगमध्ये भागीदार होतो आणि खेळाडूंचे करार लीगशी होतात. त्यामुळे नवा संघ घेणे म्हणजे एका बंद भागीदारीत नवा भागीदार घेणे होय. भागीदार घेताना जुने भागीदार प्रथम त्याची ऐपत पाहतात, मग तो आपल्यासोबत काय आणतो ते पाहतात, आणि तो कोणत्या गावचा हा प्रश्न त्यानंतर येतो. माझ्या तक्त्यातील जवळजवळ प्रत्येक ओळ याच क्रमाने वाचता येते.

या सावधगिरीचे मूळ २००२ च्या जानेवारीत सापडते. १९९६ मध्ये दहा संघांनी सुरू झालेली लीग १९९८ मध्ये शिकागो आणि मायामीच्या समावेशाने बारा संघांची झाली होती. पण २००१ च्या हंगामानंतर मायामी फ्यूजन आणि टँपा बे म्युटिनी हे दोन्ही संघ बंद करून ती पुन्हा दहांवर आली. टँपाच्या संघाला स्वतंत्र मालक मिळालाच नाही. तो लीगच चालवीत होती. मायामीने तर त्याच हंगामात लीगच्या साखळी टप्प्यात अव्वल स्थान मिळवले होते. मैदानावरील यशाचा संघाच्या अस्तित्वाशी काहीही संबंध उरत नाही, याचे याहून ठळक उदाहरण मला या तक्त्यात सापडलेले नाही. त्यानंतर काही काळ अन्शुट्झ, हंट आणि क्राफ्ट या तीन मालकांच्या नावांवरच लीग तगून होती. पुढे ‘मालक आधी’ हा क्रम इतका पक्का का झाला, हे त्या काळाकडे पाहिल्याशिवाय उमगत नाही.

प्रवेश शुल्काचा आलेख आता पूर्ण झाला आहे. प्रसिद्ध झालेल्या वृत्तांनुसार २००५ मध्ये आलेल्या संघांसाठी ७५ लाख डॉलर, टोरंटोसाठी (२००७) १ कोटी, सिॲटलसाठी (२००९) ३ कोटी, माँट्रियलसाठी (२०१२) ४ कोटी, न्यूयॉर्क सिटीसाठी (२०१५) १० कोटी, सिनसिनाटी आणि नॅशव्हिलसाठी प्रत्येकी १५ कोटी, शार्लटसाठी (२०२२) ३२.५ कोटी, आणि तिसाव्या संघासाठी, म्हणजे सॅन डिएगोसाठी (२०२५), ५० कोटी डॉलर. या रेषेबाहेर राहणारा एकच बिंदू आहे: डेव्हिड बेकहॅम यांच्या २००७ च्या खेळाडू-करारातच पुढे २.५ कोटी डॉलरांत संघ घेण्याचा हक्क लिहिलेला होता, आणि त्यातून इंटर मायामी उभा राहिला. आलेखात तो बिंदू मी वेगळ्या रंगात दाखवला आहे, अन्यथा रेषा विनाकारण खाली ओढली जाते.

आता मुख्य काम, म्हणजे २०१७ च्या अर्जांचा संच. लीगने डिसेंबर २०१६ मध्ये प्रक्रिया जाहीर केली आणि ३१ जानेवारी २०१७ पर्यंत बारा ठिकाणांहून अर्ज आले: शार्लट, सिनसिनाटी, डेट्रॉइट, इंडियानापोलिस, नॅशव्हिल, फीनिक्स, रॅले-डरम, सॅक्रमेंटो, सेंट लुईस, सॅन अँटोनिओ, सॅन डिएगो आणि टँपा-सेंट पीटर्सबर्ग. लीगने निकषही उघडपणे सांगितले होते: पुरेशी साधनसंपत्ती असलेला आणि स्थानिक बांधिलकी मानणारा मालक, चाहते, प्रायोजक व दूरचित्रवाणी यांच्या दृष्टीने आकर्षक बाजारपेठ, आणि सर्वांगीण स्टेडियम आराखडा. कागदावर हे तिन्ही निकष समान दिसतात. प्रत्यक्षात कोणता कधी निर्णायक ठरला, हे पाहण्यासाठी मी प्रत्येक अर्जासमोर दोन तारखा मांडल्या: स्थानिक यंत्रणेने स्टेडियमबाबत अंतिम मतदान केले ती, आणि लीगने संघ जाहीर केला ती.

नॅशव्हिलच्या महानगर परिषदेने ७ नोव्हेंबर २०१७ रोजी स्टेडियमसाठीच्या रोख्यांना मंजुरी दिली आणि २० डिसेंबरला लीगची घोषणा झाली. सिनसिनाटीच्या नगर परिषदेने १६ एप्रिल २०१८ रोजी पाचविरुद्ध चार मतांनी पायाभूत सुविधांच्या खर्चाला मान्यता दिली आणि २९ मे रोजी लीगची घोषणा झाली. दोन्ही ठिकाणी मतदान आणि घोषणा यांत सुमारे सहा आठवडे गेले. सिनसिनाटीचा संघ त्याआधी दुसऱ्या श्रेणीत खेळत असतानाही २०१७ मध्ये सरासरी २१ हजारांहून अधिक प्रेक्षक खेचत होता आणि त्याच वर्षी यूएस ओपन कप या सर्व श्रेणींतील संघांच्या स्पर्धेच्या उपांत्य फेरीत पोहोचला होता. तरीही घोषणा झाली ती शहराच्या वेस्ट एंड भागातील जागेचा प्रश्न सुटल्यावरच. गर्दी किती जमते याने अर्ज वाचला जातो, पण त्यावर सही जागेमुळे होते, असे माझे मत या दोन ओळींमुळे बनले आहे.

शार्लटची ओळ मला सर्वांत मोलाची वाटते, कारण तेथे शहर तेच राहिले आणि मालक बदलला. २०१७ चा प्रस्ताव वेगळ्या गटाचा होता. शहर आणि काउंटी यांच्याकडून अपेक्षित पाठबळ न मिळाल्याने तो मागे पडला. पुढे २०१८ मध्ये डेव्हिड टेपर यांनी कॅरोलायना पँथर्स हा अमेरिकन फुटबॉलचा संघ विकत घेतला, त्यांच्या हाती मोठे स्टेडियम आणि ते चालवणारी यंत्रणा आली, आणि डिसेंबर २०१९ मध्ये त्याच शहराला संघ मिळाला. ५ मार्च २०२२ रोजी पहिल्या घरच्या सामन्याला ७४,४७९ प्रेक्षक होते. शहराची लोकसंख्या, हवामान, प्रायोजक यांपैकी काहीही या मधल्या काळात इतके बदलले नव्हते की त्याने निकाल फिरावा.

सेंट लुईसमध्येही असेच घडले, फक्त नकार मतदारांकडून आला. या शहरात फुटबॉलची परंपरा अमेरिकेतील बहुतेक शहरांपेक्षा जुनी आहे, आणि तरीही एप्रिल २०१७ मध्ये मतदारांनी स्टेडियमसाठी सार्वजनिक निधी देण्याचा प्रस्ताव फेटाळला. अर्ज तेथेच संपला असे वाटत असताना एंटरप्राइझ या गाड्या भाड्याने देणाऱ्या कंपनीमागील टेलर कुटुंब पुढे आले, बांधकामाचा बहुतांश भार खासगी पैशावर घेतला गेला आणि ऑगस्ट २०१९ मध्ये घोषणा झाली. २०२३ च्या पहिल्याच हंगामात हा संघ पश्चिम विभागात अव्वल राहिला. सार्वजनिक पैशाच्या रकान्यात ‘नकार’ असूनही अंतिम निकाल ‘होय’ असलेल्या ओळी माझ्याकडे अगदी थोड्या आहेत, आणि त्या सर्वांत मालकाचा रकाना अतिशय भक्कम आहे.

सॅक्रमेंटोची ओळ याच्या नेमकी उलट. तेथील रिपब्लिक संघाने २०१४ मध्ये आपल्या पहिल्याच वर्षी यूएसएल या एमएलएसपेक्षा खालच्या श्रेणीच्या लीगचे विजेतेपद मिळवले होते, रेल्वे यार्डातील जागा निश्चित होती, महापालिका अनुकूल होती, आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये लीगने संघाची अधिकृत घोषणाही केली. फेब्रुवारी २०२१ मध्ये मुख्य गुंतवणूकदार रॉन बर्कल यांनी माघार घेतली आणि मिळालेला संघ हातचा गेला. २०२२ मध्ये रिपब्लिक यूएस ओपन कपच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला, पण एमएलएसचे दार त्याने उघडले नाही. तक्त्यात ‘घोषित, नंतर रद्द’ हा प्रकार केवळ या एका ओळीसाठी करावा लागला आहे.

बारा अर्जांपैकी आज प्रत्यक्ष खेळणारे संघ पाच आहेत: नॅशव्हिल, सिनसिनाटी, सेंट लुईस, शार्लट आणि सॅन डिएगो. ऑस्टिन त्या बारांत नव्हतेच. ओहायो राज्यातील कोलंबस क्रू या एमएलएस संघाचे तत्कालीन मालक अँथनी प्रीकोर्ट यांनी ऑक्टोबर २०१७ मध्ये संघ ऑस्टिनला हलवण्याचा मानस जाहीर केला. त्यांच्या २०१३ च्या खरेदी-करारात ऑस्टिनला जाण्याची मुभा देणारे कलम आधीपासून होते. कोलंबसच्या चाहत्यांनी चळवळ उभारली, क्लीव्हलँड ब्राउन्स हा अमेरिकन फुटबॉलचा संघ बाल्टिमोरला गेल्यानंतर १९९६ मध्ये झालेल्या, संघांच्या स्थलांतरावर बंधने घालणाऱ्या ओहायो राज्याच्या कायद्याचा आधार घेऊन खटला दाखल झाला, आणि शेवटी क्रू नव्या मालकांकडे जाऊन कोलंबसमध्येच राहिला, तर प्रीकोर्ट यांना ऑस्टिनमध्ये नवा संघ मिळाला. या व्यवहाराचा फटका बसला तो सॅन अँटोनिओला. तेथे शहर आणि काउंटी यांनी एमएलएसच्या आशेने २०१५ मध्येच सार्वजनिक पैशातून टोयोटा फील्ड हे स्टेडियम विकत घेतले होते. ऑस्टिन तेथून सुमारे १३० किलोमीटरवर असल्याने एवढ्या जवळ दुसरा संघ येण्याची शक्यता जवळपास मावळली. जागा हातात असणे पुरेसे नाही याचा हा पुरावा म्हणून मी ती ओळ ठळक केली आहे. अर्थात सॅन अँटोनिओच्या करदात्यांच्या दृष्टीने ‘पुरावा’ हा शब्द जरा जास्तच कोरडा आहे.

सॅन डिएगोमध्ये सॉकरसिटी हा स्टेडियमचा प्रस्ताव नोव्हेंबर २०१८ च्या मतदानात हरला आणि तीच जागा सॅन डिएगो स्टेट विद्यापीठाच्या योजनेकडे गेली. गंमत अशी, की विद्यापीठाने तेथे बांधलेल्या स्नॅपड्रॅगन स्टेडियममध्येच आज तिसावा संघ खेळतो. उद्योगपती मोहम्मद मन्सूर आणि कुमेयाय या मूळ अमेरिकी राष्ट्राचा सिकुआन समुदाय हे त्याचे मालक आहेत.

दूरचित्रवाणी बाजारपेठेचा रकाना मी सध्या बंद ठेवला आहे. २०२३ पासून सामन्यांचे मुख्य हक्क ॲपलकडे आहेत आणि प्रत्येक शहराच्या स्वतंत्र स्थानिक प्रक्षेपणाची जुनी व्यवस्था त्यासोबत गेली, त्यामुळे २०१७ च्या निकषातील तो भाग आज पूर्वीसारखा मोजता येत नाही. त्याऐवजी हवामानाचा रकाना घेण्याचा विचार आहे, कारण २०२७ च्या मध्यापासून हंगाम उन्हाळ्यात सुरू होऊन पुढील वसंतात संपणार आहे. कडाक्याच्या हिवाळ्याच्या शहरांना डिसेंबर ते फेब्रुवारीतील विश्रांतीचा आधार असला, तरी नोव्हेंबर आणि मार्चचे सामने त्यांना खेळावेच लागतील, आणि छत असलेल्या स्टेडियमचे वजन त्यामुळे वाढेल असा माझा अंदाज आहे.

पुढील टप्प्यात तीन गोष्टींचा मागोवा घ्यायचा आहे. पहिली व्हँकुव्हर, जेथील मालकांनी डिसेंबर २०२४ मध्ये व्हाइटकॅप्स हा तेथील एमएलएस संघ विक्रीस काढल्याचे जाहीर केले. विकलेला संघ दुसऱ्या शहरातही जाऊ शकतो, आणि सॅन होजेचा अर्थक्वेक्स संघ २००६ मध्ये ह्यूस्टनला गेल्यावर सॅन होजेला नवा संघ २००८ मध्ये मिळाला होता, त्यामुळे स्थलांतराची ओळ विस्ताराच्या तक्त्यात ठेवावीच लागते. दुसरी गोष्ट यूएसएलने फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर केलेली स्वतःची प्रथम श्रेणीची लीग. ती उभी राहिली तर एमएलएसने डावललेल्या शहरांपुढे प्रथमच दुसरा पर्याय असेल.

तिसरे इंडियानापोलिस. तेथे यूएसएलमध्ये खेळणाऱ्या इंडी इलेव्हन या स्थानिक संघाच्या मालकाच्या इलेव्हन पार्क या स्टेडियम प्रकल्पाचे भूमिपूजन मे २०२३ मध्ये झाले होते. एप्रिल २०२४ मध्ये महापौर जो हॉगसेट यांनी एमएलएससाठी दुसऱ्याच जागेवर, शहराच्या मध्यभागातील हेलिपोर्टवर, स्टेडियमचा प्रस्ताव मांडला. परिणामी तक्त्यात या एका शहरासमोर जमिनीच्या दोन नोंदी आहेत, आणि ज्याने एका जागेवर कुदळ मारली तो मालक दुसऱ्या जागेच्या प्रस्तावात नाही. ही ओळ मी दोन भागांत विभागून ठेवली आहे, आणि जागा व गुंतवणूकदार एकाच भागात आल्याशिवाय ती पुन्हा जोडणार नाही.