बाथच्या रस्त्यावर नागपूरचा अंगरखा

आईचा फोन आला की सध्या पहिला प्रश्न एकच असतो, अंगरखा घडी घालून ठेवला का लटकवून ठेवला? लटकवू नको म्हणे, वजनानं कळ्या (घेराचे तिरपे तुकडे) ओढल्या जातात. घडी घालूनच ठेवलाय आई, जुन्या सुती चादरीत गुंडाळून. मध्ये टाकायला कडुनिंबाचा पाला इथे इंग्लंडात, ब्रिस्टलमध्ये कुठे मिळणार, म्हणून लवंगा टाकल्यात. हा अंगरखा घालून बाथला फिरतानाचे माझे फोटो पाहून बऱ्याच जणांनी मेसेज केले, हा कोणत्या नाटकाचा ड्रेस, भाड्यानं आणला का, किती पडले, म्हणून म्हटलं एकदा सगळं नीट लिहूनच काढावं.

तर ब्रिस्टलहून ट्रेननं पंधरा मिनिटांवर बाथ नावाचं गाव आहे. पिवळसर दगडाच्या जुन्या इमारती, बहुतेक अठराव्या शतकातल्या, आणि गावानं त्या जपल्या आहेत. जेन ऑस्टेन ही लेखिका १८०१ ते १८०६ इथे राहिली, तिच्या नावानं दर सप्टेंबरला दहा दिवसांचा उत्सव भरतो आणि त्यात एक दिवस लोक तिच्या काळचे कपडे घालून गावातून फिरतात. २०१४ मध्ये एका वेळी ५५० जण असे कपडे घालून जमले आणि गिनीज रेकॉर्ड झाला. मी पहिल्यांदा नुसता पाहायला गेलो होतो आणि खरं सांगतो, बायकांच्या झग्यांपेक्षा माझी नजर माणसांवरच खिळून राहिली. पन्नाशी-साठीतले लोक, कोणी प्लंबर, कोणी शाळेत शिकवणारे, आणि चाल अशी की जणू रोज हेच घालतात.

आपल्याकडे पुरुषानं असं सजायचं म्हणजे एक तर लहानपणी नाहीतर स्टेजवर. माझं लहानपण नागपूरच्या महाल भागातलं. तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन आम्ही सगळी पोट्टी नटूनथटून निघायचो, आणि ही प्रथा दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी १८०६ मध्ये सुरू केली असं आजोबा दरवर्षी न चुकता सांगायचे. गॅदरिंग असो की गणपतीतलं नाटक, आठ दिवस आधी नाटकाचे कपडे भाड्यानं देणाऱ्या ड्रेपरीवाल्याकडे जायचं. त्या दुकानाचा वास अजून नाकात आहे, मिशा चिकटवायचा स्पिरिट गम, घाम आणि डांबरगोळ्या. भिंतीला टांगलेले टोप, डब्यात क्रेपच्या मिशा, आणि कपाटात सॅटिनचे अंगरखे, लाल, जांभळे, पोपटी, कडेला चमकी लेस. मावळा असो, पेशवा असो की भोसल्यांचा सरदार, माल तोच, फक्त डोक्यावरचं बदलायचं. आणि मागे पाठीवर चेन. मला ते सगळं प्रचंड आवडायचं आणि आजही आवडतं. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीतली नाटकं रात्रभर चालतात, तिथे शेवटच्या रांगेतल्या माणसाला राजा दिसायला हवा, त्याला लांबून चमकणारंच कापड लागतं, साधं सूत काय कामाचं.

२०२३ ला मी हिंमत करून बाथला भाग घ्यायचं ठरवलं आणि इथल्याच एका दुकानातून ड्रेस भाड्यानं घेतला. पॉलिएस्टरचा मखमली कोट, त्यावरची बटणं नुसती शोभेची, गळ्याला इलॅस्टिक लावलेला झालरीचा तुकडा. तीन तास चालायचं होतं. पाऊण तासात घामानं अंग भिजलं, पायऱ्या चढताना पँट मांडीत फाटली आणि मी कोटाची शेपटं पुढे ओढून धरून अर्ध्यातून परत फिरलो. फार वाईट वाटलं त्या दिवशी. तेवढ्यात एका म्हाताऱ्या गृहस्थांनी थांबवलं, आयुष्यभर बस चालवून रिटायर झालेले, अंगावरचं सगळं स्वतः हातानं शिवलेलं. पिशवीतून सुईदोरा काढला, एका दुकानाच्या आडोशाला माझी पँट टाचून दिली आणि म्हणाले, गुरुवारी संध्याकाळी आमच्या हॉलवर ये.

मी गेलो. दोन वर्षं जातोय. तिथे आठदहा जण बसून शिवतात, चहा-बिस्किटं चालू असतात, आणि मला पहिल्यांदा कळलं की जुना कपडा म्हणजे जुना दिसणारा कपडा नव्हे. १८१० च्या सुमाराचा इंग्रज शर्ट घ्या. पुढून पूर्ण उघडत नाही, डोक्यातून घालायचा, गुडघ्यापर्यंत लांब, खालचं टोक दोन पायांच्या मधून घेऊन खोचायचं, चड्डीचं काम तोच करतो. ब्रीचेस म्हणजे गुडघ्यापर्यंतची घट्ट विजार, कंबर पार बेंबीच्या वर, पुढे चेन नाही, काजबटणं लावलेला एक पडदा असतो तो खाली पडतो, आणि मागे बुडाला कापड भरपूर सैल, कारण घोड्यावर बसायचं असतं. माझी पँट का फाटली ते तिथे समजलं. बाहेरून जुनी दिसणारी पण आतून आजच्या मापाची पँट होती ती.

कोट तर कमालच आहे. लोकरीचं कापड इतकं कुटून कुटून घट्ट केलेलं असायचं, की कापल्यावर दोरे निघत नाहीत, त्यामुळे चांगल्या कोटाची कड दुमडतच नाहीत, कापली तशी उघडी ठेवतात. माझा विश्वासच बसेना, मी नखानं कड खरवडून पाहिली, एक धागा सुटला नाही. आणि पाठीचा तुकडा मुद्दाम अरुंद, बाह्या मागच्या बाजूला ओढून लावलेल्या, म्हणजे घातला की खांदे आपोआप मागे जातात आणि छाती पुढे येते. लोक ऐटीत चालत होते ते ॲक्टिंग नव्हती, कोटच तसं चालवतो! त्यात गळ्याला खळ घातलेल्या मलमलीचा लांब पट्टा गुंडाळायचा, मान वर करून, मग हनुवटी हळूहळू खाली आणून चुण्या बसवायच्या. चार वेळा बांधला तेव्हा एकदा बरा बसला. हे सगळं साधं, गडद निळं आणि पांढरं, ही ब्रमेल नावाच्या माणसानं लावलेली आवड. त्याच्या आधीच्या पिढीतले इंग्रज पुरुषही जरी, रेशीम, गुलाबी सॅटिन घालायचे, टोपाला पांढरी पावडर लावायचे. १७९५ मध्ये सरकारनं त्या पावडरवर वर्षाला एक गिनी कर बसवला आणि बऱ्याच जणांनी ती सोडूनच दिली.

आता खरी गोष्ट. एका गुरुवारी त्या बसवाल्या आजोबांनी (मी त्यांना मनात आजोबाच म्हणतो) मला शर्टाच्या बगलेत एक चौकोनी तुकडा लावायला दिला. तळहाताएवढा चौकोन, तिरपा दुमडून बाहीच्या आणि धडाच्या मध्ये बसवायचा, म्हणजे हात वर केला तरी शर्ट वर चढत नाही. मी तो हातात घेतला आणि थांबलोच. हा तर चौबगला! माझ्या सख्ख्या आजोबांच्या बंडीला हाच होता, आजी तो उसवून नवीन लावायची, कारण बंडी तिथेच आधी विरते. तसाच चौकोन, तसाच तिरपा. दोन्हीकडे कापड हातमागाचं, महागाचं, एक चिंधी वाया घालवायची नाही, म्हणून सगळं चौकोनात नाहीतर त्रिकोणात कापायचं, त्यातून दोन्ही देशांतले शिंपी एकाच जागी पोचले. मी त्यांना बंडीचा फोटो दाखवला, तर त्यांनी मला वेगळंच सांगितलं, की त्या काळात इथले साहेब घरात जो सैल झगा घालायचे त्याला बॅनयन म्हणायचे, आपल्या बनिया शब्दावरून, आणि बरेचसे झगे आपल्याकडच्या छिटाचे असायचे. गळ्याला गुंडाळायची मलमलही मुळात आपलीच.

त्या रात्री झोप लागली नाही. जेन ऑस्टेन वारली जुलै १८१७ मध्ये. त्याच वर्षी २६ आणि २७ नोव्हेंबरला नागपुरात सीताबर्डीच्या टेकडीवर आप्पासाहेब भोसल्यांची फौज आणि ईस्ट इंडिया कंपनीचे शिपाई लढले आणि आपण हरलो. म्हणजे बाथमध्ये हे लोक ज्या वर्षांचे कपडे घालून फिरतात ती आपल्या नागपूरचीही वर्षं आहेत, मग मी दुसऱ्याचा कोट का घालून राहिलो? मी १८१७ चा नागपूरकर म्हणूनच का जाऊ नये? राजा नाही, सरदार नाही. भोसल्यांच्या दफ्तरातला एक कारकून, महालातून निघालेला, कमरेला कलमदान.

पण तो घालायचा काय? ड्रेपरीत कारकुनाला जागा नाही, आणि खऱ्या घरांतही त्याचं काही उरलेलं नाही. १८५४ ला इंग्रजांनी नागपूर खालसा केलं, भोसल्यांचे हत्ती, घोडे, दागिने लिलावात गेले, आणि साध्या माणसाचे कपडे तर विरेपर्यंत घातले जायचे, मग त्यांची गोधडी व्हायची, मग पोतेरं. राजाची तलवार काचेच्या पेटीत राहते, कारकुनाचा अंगरखा नाही राहत.

मदत झाली लंडनमध्ये. व्ही अँड ए, म्हणजे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट, म्युझियमनं ३१ मे २०२५ ला ऑलिम्पिक पार्कात ईस्ट स्टोअरहाऊस नावाचं आपलं कोठार उघडलं, तिथे कोणीही ऑनलाइन पाचपर्यंत वस्तू निवडायच्या, वेळ घ्यायची, आणि त्या तुमच्यासमोर टेबलावर आणून ठेवतात. पैसे नाहीत, ओळखपाळख नाही. मी एक मलमलीचा अंगरखा मागवला, उत्तरेकडचा, एकोणिसाव्या शतकातला. तिथल्या बाईंनी कागद बाजूला केले आणि मी टेबलावर जवळजवळ वाकलोच. पांढऱ्यावर पांढरं, छातीवर गोल कापलेला भाग आणि त्याच्या आत पडदा, कमरेखाली कळ्याच कळ्या, बंद स्वतःच्याच कापडाचे वळून केलेले. शिवण ज्वारीच्या दाण्याएवढीही रुंद नाही, टाके मोजता मोजता डोळे चरचरले. उजव्या बगलेला पिवळट डाग होता. घामाचा. कोणाच्या तरी अंगावर तो उन्हात चालला होता. तो डाग पाहून मला जे झालं ते इथे लिहिता येत नाही.

मापं घेऊन, चित्रं काढून नागपूरला पाठवली, आमच्या जुन्या मास्टरकडे, गांधीबागेमागे त्यांचं एका मशीनचं दुकान आहे. व्हॉट्सॲपवर मी समजावतोय की मास्टर मशीन नको, शिलाई मशीन घरोघरी आली ती फार नंतर, सगळं हातानं पाहिजे. त्यांनी चौबगल्याचं चित्र पाहिलं आणि म्हणाले, "भाऊ, हे तं आमच्या आज्याची कटिंग हाये, मले काहून शिकवून राहिला?" आणि खरंच त्यांना काही शिकवावं लागलं नाही. उलट माझ्या चित्रात कळी उलटी लागली होती ती त्यांनीच सुधारली, आडव्या धाग्यावर कापली तर घेर लोंबेल म्हणाले. मांजरपाट नको, जाड पडेल, म्हणून आई त्यांच्यासोबत तीन दुकानं फिरली आणि हातमागाची मऊ पांढरी सुती आणली. बावीस दिवस लागले. पैसे जास्त द्यायला लागलो तर घेईनात, शेवटी आईनं त्यांच्या नातवाच्या हातात ठेवले.

उपरणं मात्र विकत घ्यावं लागलं नाही. आजोबांच्या ट्रंकेत उमरेडचं रेशीमकाठी धोतर आणि उपरणं निघालं, काठ मरून रंगाचा, कापड घडीवर विरलेलं. धोतर नेसण्याच्या अवस्थेत नव्हतं म्हणून ते नवं घेतलं, पण उपरणं आईनं रफू करून दिलं आणि ऑगस्टमध्ये येताना स्वतः हँडबॅगमधून आणलं, चेक-इनमध्ये टाकायला तयार नव्हती.

सप्टेंबरच्या त्या शनिवारी पहाटे उठून धोतर नेसलो, पागोटं बांधायला तासभर गेला. थंडी होती. पण एकदा चालायला लागलो तसं अंगरख्याचा घेर पायाशी हलायला लागला, बगलेत कुठे ओढ नाही, आणि माझी चाल त्या कोटवाल्यांसारखी ताठ नव्हती, वेगळीच होती. सैल, हळू, हात मागे. माझे सख्खे आजोबा सीताबर्डीला निघायचे तेव्हा असेच चालायचे. माझ्या पुढे लाल डगलेवाले शिपाई कवायत करत चालले होते, त्याच काळच्या कंपनीच्या रंगाचे, आणि मी त्यांच्या मागे. छाती भरून आली. नंतर चहाच्या रांगेत त्यांच्यातल्या एकानं विचारलं, तुम्ही कोण? मी सांगितलं, नागपूर, १८१७, दफ्तरातला कारकून. त्यानं सीताबर्डीचं स्पेलिंग विचारून मोबाईलमध्ये लिहून घेतलं.

बसवाले आजोबा शेवटी भेटले. काही बोलले नाहीत, आधी माझा हात वर करून बगल पाहिली, मग बोटानं चौबगल्याच्या टाक्यांवरून फिरवलं आणि विचारलं, कोणी शिवला? मी तिथूनच मास्टरना व्हिडिओ कॉल लावला. नागपुरात संध्याकाळ झाली होती, मास्टर दुकान बंद करत होते, दोघं एकमेकांना बोटांनी टाके दाखवत राहिले, भाषेची अडचण पहिल्या मिनिटातच संपली.

घरी कोणाकडे जुनी बंडी, बाराबंदी, आज्याचा अंगरखा, काहीही असलं तर कृपा करून पोतेऱ्यात टाकू नका, निदान उलटी करून आतल्या शिवणीचे फोटो काढा आणि मला पाठवा. विशेषतः बगल आणि गळा. फाटलेली असली तर अजूनच चांगलं, आतलं दिसतं.

मास्टरांनी माझा खाका भिंतीला टांगून ठेवलाय. काल त्यांचा मेसेज आला, पुढच्या तान्ह्या पोळ्याले पोट्ट्याले घेऊन येशीन ना, तं त्याचा बी एक कापून ठेवतो, माप पाठव. रात्री पोराला उभं करून टेप लावला. छाती चोवीस इंच, उंची तीन फूट दहा. मास्टर म्हणाले, कळ्यांत दाबून कापड ठेवतो, दोन वर्षं उसवून वाढवता येईल.