दुसरं रिव्हॉल्व्हर

रविवार, रात्र

नेमबाजीच्या सामन्यात चौथ्या स्टेजला, म्हणजे चौथ्या टप्प्याला, माझ्या रिव्हॉल्व्हरचा सिलिंडर उघडलाच नाही. सहा गोळ्या झाडून झाल्या, उजव्या अंगठ्याने सिलिंडर सोडवणारा खटका पुढे ढकलला, डावी बोटं सवयीने सिलिंडरवर गेली आणि तो जागचा हलेना. टायमर चालूच. मी मूर्खासारखा तीनदा ढकलून पाहिलं, मग रेंज ऑफिसरकडे बघितलं. त्याने मान हलवली. नळी समोरच धरून, एक्स्ट्रॅक्टर रॉडचं, म्हणजे रिकाम्या पुंगळ्या बाहेर ढकलणाऱ्या दांडीचं, टोक चिमटीत पकडून थोडं थोडं फिरवत शेवटी सिलिंडर उघडला, पण तोवर स्टेज गेली होती. उरलेले तीन स्टेज मी गुण टिपत बसलो. खेळायला दुसरं रिव्हॉल्व्हरच नव्हतं.

दोष माझाच. एक्स्ट्रॅक्टर रॉडचे आटे झाडताना बसणाऱ्या हादऱ्यांनी सैल होतात. सैल झाला की रॉड पुढे सरकून खाचेत अडकतो. दर सामन्याआधी चिमटीत धरून बघायचं, एवढंच काम. ते मी किती दिवसांत केलं नव्हतं, हे इथे लिहायचीही लाज वाटते.

घरी आल्यावर सिलिंडरच्या समोरासमोरच्या दोन चेंबरमध्ये, म्हणजे गोळ्यांच्या खणांत, रिकाम्या पुंगळ्या घातल्या, म्हणजे पिळताना स्टारवर, म्हणजे पुंगळ्या उचलणाऱ्या ताऱ्यासारख्या तुकड्यावर, जोर येत नाही. रॉडला कातड्याची पट्टी गुंडाळून पक्कड लावली. आटे उलटे आहेत हे घाईत विसरलो आणि पहिल्याच पिळात तो आणखी सैल केला.

बुधवार

दुसरं घ्यायचंच. प्रश्न आहे कोणतं.

माझं आहे ते .४५ एसीपीचं, सहा गोळ्यांचं, मून क्लिपवालं. या काडतुसाला बाहेर आलेली कड नसते, म्हणून १९१७ साली अमेरिकन सैन्यासाठी रिव्हॉल्व्हर बनवताना तीन-तीन काडतुसं धरणाऱ्या अर्ध्या क्लिपा आल्या. पुढे त्याची पूर्ण चकती झाली. सहा काडतुसं एकदम आत पडतात, सहा पुंगळ्या एकदम बाहेर येतात. अमेरिकन नेमबाज जेरी मिक्युलेकने १९९९ मध्ये सहा झाडून, पुन्हा भरून, आणखी सहा झाडायला २.९९ सेकंद घेतले ते याच जातीच्या रिव्हॉल्व्हरने. माझं नुसतं भरणंच कधीकधी तेवढा वेळ खातं.

आता मोह आहे आठ गोळ्यांचा. स्मिथ अँड वेसनचं ९२९: ९ मिमी, साडेसहा इंची नळी, टायटॅनियमचा सिलिंडर. यूएसपीएसए या अमेरिकन नेमबाजी संघटनेने २०१४ पासून रिव्हॉल्व्हर विभागात आठ गोळ्या चालू दिल्या, फक्त गुण मायनरचे, म्हणजे कमी ताकदीच्या गोळीचे. मेजरला, म्हणजे जास्त ताकदीच्या गोळीला, पॉवर फॅक्टर १६५ लागतो, मायनरला १२५. गोळीचं वजन ग्रेनमध्ये, वेग फूट प्रति सेकंदात, गुणाकाराला हजाराने भागायचं. माझी २३० ग्रेनची गोळी ७४० च्या वेगाने गेली की १७० येतात. ९ मिमीची १४७ ची गोळी ८८० ने गेली तर १२९. मनगटाला हा फरक लगेच कळतो. किंमत मोजायची ती गुणांत. लक्ष्यावरच्या 'ए' भागाचे दोन्हीकडे पाचच, पण 'सी'ला मेजरमध्ये चार आणि मायनरमध्ये तीन, 'डी'ला दोन आणि एक.

तरीही बहुतेक जण आठकडे गेले, आणि त्याला कारण आहे. त्या नियमांत एका जागेवरून जास्तीत जास्त आठ गोळ्या मागता येतात. आठवाला आठ झाडतो आणि पळता पळता भरतो. मी सहा झाडतो, तिथेच उभा राहून भरतो, दोन झाडतो, मग पळतो. हा हिशेब मला चांगला कळतो, कळून पाच वर्षं झाली.

शनिवार

मित्राचं आठ गोळ्यांचं घेऊन शंभर गोळ्या मारल्या. चापाच्या एका ओढीत सिलिंडर साठऐवजी पंचेचाळीस अंशच फिरतो, ओढ किती गुळगुळीत वाटते! टायटॅनियममुळे सिलिंडर हलका, त्यामुळे जोरात ओढलं तरी थांबताना तो हिसका बसत नाही. आवडलंच.

पण सहावी गोळी सुटली की बोट थांबायचं. मी सांगत नव्हतो, तेच थांबायचं. डावा हात पट्ट्यावरच्या क्लिपकडे निघालेला असायचा, आणि आत दोन गोळ्या शिल्लक. मित्र मागून हसत होता. शेवटच्या वीस गोळ्यांत मी मोठ्याने मोजत होतो, तरी दोनदा चुकलो.

मग त्याने गंमत म्हणून आपलं जुनं रुगर हातात दिलं. त्याचा खटका आत दाबायचा असतो. कोल्टचा मागे ओढायचा. माझा अंगठा मात्र पुढेच ढकलत राहिला. गेल्या रविवारी कुणी दया येऊन असं वेगळं रिव्हॉल्व्हर उसनं दिलं असतं, तर मी त्याचा खटका शोधण्यातच पुढचा स्टेज घालवला असता.

तेव्हा पटलं की मी दोन वेगळ्या खरेद्यांची गल्लत करतोय. आठ गोळ्यांचं घेणं म्हणजे खेळ बदलणं: नवी काडतुसं, नव्या क्लिपा, लांब नळीसाठी नवं होल्स्टर, आणि बोटाला पुन्हा आठपर्यंत शिकवणं. ते कधीतरी करेन. मला आत्ता हवंय ते पिशवीत पडून राहणारं. एक बंद पडलं की सामन्याच्या अधिकाऱ्यांच्या परवानगीने दुसरं घ्यायचं, आणि हाताला काही बदललंय हे कळताच कामा नये.

दुसरा शनिवार

त्याच मॉडेलचं वापरलेलं मिळालं. घेण्याआधी रिकामं असल्याची दोनदा खात्री केली. मग सिलिंडरवर बोटाचा हलका दाब ठेवून चाप अगदी सावकाश ओढला, सहाही चेंबरवर. हॅमर सुटण्याआधी सिलिंडर खट् करून जागी बसायला हवा. पाच बसले. सहावा किंचित आळशी, पण बसला. रॉड? घट्ट. तो तर सगळ्यात आधी बघितला.

मंगळवार

जुळं म्हणून आणलं, पण जुळं नाही. माझ्या चाळीस क्लिपांपैकी तीन नव्यात घासतात. जुन्यात त्याच निमूट फिरतात. त्या वाकड्या असणार, जुनं आपलं सांभाळून घेत होतं. वेगळ्या डबीत टाकल्या.

जुन्याइतकी हलकी ओढ हवी म्हणून नव्याच्या मेनस्प्रिंगचा, म्हणजे हॅमरला जोर देणाऱ्या स्प्रिंगचा, स्क्रू सैल केला, तर साठात दोन गोळ्या पेटल्याच नाहीत. काडतुसाच्या बुडाशी ठिणगी देणाऱ्या प्रायमरवर नुसता पुसट ठसा. पाऊण फेरा परत आवळला. ओढ थोडी जड झाली, पण पुढच्या साठ सगळ्या गेल्या.

अंधारात कोणतं कोणतं ते कळेना, म्हणून नव्याच्या मुठीखाली नेलपॉलिशचा ठिपका दिला. येत्या सामन्यात ठिपकेवालं पट्ट्यावर जाईल आणि जुनं पिशवीत. पक्कडही.