मूनलाईट ग्रॅहमच्या मृत्यूचा दाखला मिळवताना आलेला माझा अनुभव

आधीच सांगते, सिनेमात बघितलेलं साल सरकारी फॉर्मवर लिहू नका. माझे त्यापायी दोन महिने गेले आणि अजून आठवलं की डोकं तापतं.

१९९८ची गोष्ट. आम्ही तेव्हा मिनेसोटात होतो, लेक आठवीत, शाळेत हिस्टरी डेचा प्रोजेक्ट होता आणि तिने विषय घेतला डॉ. आर्चिबाल्ड ग्रॅहम, म्हणजे बेसबॉलवाला मूनलाईट ग्रॅहम. माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. २९ जून १९०५, न्यूयॉर्क जायंट्सची ब्रुकलिनशी मॅच, ती जायंट्सनी ११-१ने जिंकली. आठव्या इनिंगमध्ये जॉर्ज ब्राउनच्या जागी ह्याला राईट फील्डला, म्हणजे मैदानात उजवीकडे फील्डिंगला पाठवला. त्याच्याकडे एकही बॉल आला नाही. नवव्या इनिंगला आता ह्याचाच नंबर, बॅट घेऊन तयार उभा, आणि आधीचा क्लॉड एलियट कॅच देऊन बसला, तिसरा आऊट, आणि बेसबॉलमध्ये तिघे आऊट झाले की त्या इनिंगची बॅटिंग खलास. क्रिकेटमध्ये पॅड बांधून बसावं आणि डाव आटपावा तसंच, फक्त ह्याला पुन्हा कधी मेजर लीगमध्ये, म्हणजे तिथल्या सगळ्यात वरच्या स्पर्धेत, उतरायलाच मिळालं नाही. पुढे हा माणूस मिनेसोटातल्या चिझम नावाच्या खाणींच्या गावी गेला आणि चाळीसएक वर्षं शाळेचा डॉक्टर होता.

दुसऱ्या दिवशीच्या पेपरातला स्कोअर लायब्ररीत मायक्रोफिल्मवर अर्ध्या तासात मिळाला. ग्रॅहम, आर. एफ. (म्हणजे राईट फील्ड), आणि पुढे ओळीने शून्यं. लेक त्या झेरॉक्सकडे कितीतरी वेळ बघत होती, म्हणाली आई, एवढी शून्यं आहेत पण नाव छापलंय बघ.

शाळेतल्या बाईंना अस्सल कागदपत्रं हवी होती म्हणून मृत्यूच्या दाखल्याची प्रत मागवायची ठरली. फॉर्म मी भरला. ग्रॅहम एका गाजलेल्या सिनेमात आहे, आम्ही तो व्हिडिओवर बघितला होता आणि त्यात तो १९७२मध्ये वारल्याचं दाखवलंय, तेच साल मी लिहिलं. चेक जोडला, पोस्टात टाकला. तीन आठवड्यांनी छापील चिठ्ठी, नोंद सापडली नाही, फी परत मिळणार नाही. का सापडली नाही त्याबद्दल एक अक्षर नाही.

मला वाटलं नावात गडबड असेल. मधलं नाव राईट, ते घालून पुन्हा फॉर्म, पुन्हा चेक, पुन्हा तीन आठवडे, आणि तीच चिठ्ठी, फक्त तारीख वेगळी. फोन केला तर चाळीस मिनिटं होल्डवर ठेवलं आणि मग बाई म्हणाल्या आम्ही तुम्ही दिलेल्या सालातच बघतो. अहो मग फॉर्मवर तसं छापा ना! किंवा चिठ्ठीत एक ओळ लिहा की अमुक सालात बघितलं, नाही मिळालं, साल तपासून पाठवा. आठवीतली पोरगी रोज शाळेतून आली की आधी पत्रपेटी उघडून बघायची, ते मला सहन व्हायचं नाही. तेव्हा आजच्यासारखं पटकन नेटवर बघून घ्यायची सोयही नव्हती.

शेवटी लायब्ररीतल्या बाईंना सहज बोलले. त्यांनी बेसबॉलचा एक जाडजूड कोश काढला, पान उघडलं, बोट ठेवलं: २५ ऑगस्ट १९६५, चिझम. दोन मिनिटं लागली. मग म्हणाल्या सिनेमात मॅचसुद्धा १९२२ची करून टाकलीय. त्यामुळे कुठल्याही ऑफिसला चेक पाठवायच्या आधी लायब्ररीत विचारा, हे मी तेव्हापासून सगळ्यांना सांगते.

त्याच बाईंनी आणखी एक शोधून दिलं, ग्रॅहमनी शाळेतल्या ५ ते १६ वर्षांच्या मुलांचं ब्लडप्रेशर वर्षानुवर्षं मोजलं आणि त्यावरचा पेपर १९४५मध्ये एका मेडिकल जर्नलमध्ये आला, बरोबर मेयो क्लिनिक ह्या मिनेसोटातल्या नावाजलेल्या हॉस्पिटलचे डॉक्टर होते. लेकीने प्रोजेक्टचं अर्धं पोस्टर त्यालाच दिलं आणि मला फार बरं वाटलं, कारण दाखला आलाच नसता तरी तिच्याकडे सांगायला भरपूर होतं.

तिसरा फॉर्म बरोबर सालाचा गेला आणि प्रत आली, प्रोजेक्ट जमा करून चार दिवस झाल्यावर. तिने ती तरीही फाईलला लावली, त्या शून्यांच्या झेरॉक्सशेजारी.

हो, आणि फॉर्मची एक कॉपी स्वतःकडे ठेवा. माझ्याकडे पहिल्या फॉर्मची कॉपी असती तर १९७२ मीच लिहिलंय हे फोनवर त्या बाई सांगेपर्यंत थांबावं लागलं नसतं.