तुम्ही विचारलंत म्हणून: रक्तात काही निघालं नाही, मग गोचीडताप कसा?

प्रश्न साधारण असा येतो. गाय तीन दिवस तापाने फणफणलीय, खाणं सुटलंय, दूध आटलंय, अंगावर गोचीड आहेत. रक्त तपासलं तर अहवालात ‘परजीवी आढळले नाहीत’. तरी डॉक्टर गोचीडतापाचंच औषध सुरू करतात. मग तपासणी खोटी की डॉक्टर चुकले?

बहुतेक वेळा दोन्ही नाही. ‘आढळले नाहीत’ याचा अर्थ ‘नाहीत’ असा घेतला जातो, घोळ तिथे होतो.

थोडं गणित करू. गायीच्या एका मायक्रोलिटर रक्तात साधारण 70 लाख तांबड्या पेशी धरा. पातळ काचपट्टीवर शंभराच्या भिंगाखाली, तेल घालून, एका क्षेत्रात 250 च्या आसपास पेशी दिसतात. तपासणाऱ्याने प्रामाणिकपणे 100 क्षेत्रं पाहिली तरी 25 हजार पेशी झाल्या. लाखातली एक पेशी बाधित असेल, तर या 25 हजारांत एकही न सापडण्याची शक्यता पाचात जवळपास चार इतकी. आणि लाखात एक म्हणजे कमी वाटलं तरी मायक्रोलिटरला 70 परजीवी होतात. इतक्या विरळ परजीवीबद्दल 95 टक्के खात्रीने ‘नाही’ म्हणायचं तर 3 लाख पेशी, म्हणजे 1200 क्षेत्रं पाहायला हवीत. रोजच्या कामात तेवढी कोणी पाहत नाही. म्हणून अहवालात किती क्षेत्रं पाहिली तो आकडा लिहायलाच हवा असं माझं मत आहे. त्याच्याविना ‘निगेटिव्ह’ हा शब्द अर्धवट आहे.

पण संख्या हा सोपा भाग. खरी गोम आहे ती कोणत्या दिवशी आणि कुठून नमुना घेतला यात.

गोचीडताप म्हणजे एकच आजार नव्हे, गोचिडांतून येणारे थायलेरिया, बबेसिया, अॅनाप्लाझ्मा असे वेगवेगळे रोगजंतू त्यामागे असतात. आधी थायलेरिया घ्या. हायलोमा जातीच्या गोचिडाच्या लाळेतून थायलेरिया अॅन्युलाटा शिरतो तो थेट तांबड्या पेशींत जात नाही. आधी पांढऱ्या पेशींत बसतो, त्यांनाच वाढायला लावतो, जवळची लसिकाग्रंथी सुजवतो. ताप याच टप्प्यात चढतो. तांबड्या पेशींतली ठिपके-अंगठ्यांसारखी रूपं त्यानंतर काही दिवसांनी दिसू लागतात. म्हणजे तापाच्या पहिल्या-दुसऱ्या दिवशी कानाचं रक्त पाहणं हे चोर गच्चीवर असताना तळघर धुंडाळण्यासारखं आहे. या दिवसांत खांद्यापुढची सुजलेली गाठ सुईने टोचून तिचा स्राव पाहावा. केस काढून जागा स्वच्छ करायची, गाठ बोटांच्या चिमटीत घट्ट धरायची, 18 ते 20 गेजची सुई आत घालून दोन-तीन वेळा दिशा बदलत हलवायची. मग सुई काढून हवेने भरलेली सिरिंज जोडायची आणि आतला ऐवज काचेवर उडवायचा. पसरताना हात हलका ठेवा. या पेशी नाजूक असतात, जोर दिला तर त्यांचा जांभळा चिखल होतो आणि आतले ‘कॉकचे निळे पिंड’, म्हणजे पांढऱ्या पेशींतली थायलेरियाची रूपं, त्यातच हरवतात.

बबेसियाचं उलट. तो थेट तांबड्या पेशींत शिरतो आणि त्या फोडतो, म्हणून लघवी कॉफीसारखी होते. बबेसिया बायजेमिना तापाच्या भरात रक्तात बऱ्यापैकी सापडतो: नाशपतीच्या आकाराची जोडी, टोकाशी चिकटलेली. पट्टीच्या कडा आणि शेवटचा पातळ भाग आधी पाहावा, बाधित पेशी तिकडे जास्त जमतात. बबेसिया बोविस मात्र केशवाहिन्यांत अडकून बसतो. मानेच्या मोठ्या शिरेतल्या रक्तात तो कमी सापडतो, कानाच्या किंवा शेपटीच्या टोकाच्या रक्तात जास्त. आणि दोन्हींत सर्वांत नेहमीची चूक एकच: इंजेक्शन आधी, रक्त नंतर. परिणामकारक औषधानंतर दिवसभरात पट्टी कोरी होऊ शकते, आणि मग ‘तो आजार नव्हताच’ असा निष्कर्ष निघतो.

अॅनाप्लाझ्मात जनावर पिवळं पडतं, पण लघवी लाल होत नाही, कारण पेशी रक्तवाहिन्यांत फुटत नाहीत, प्लीहेत गिळल्या जातात. हे लक्षण फुकटचं आहे, भिंगाआधी वापरा. इथेही वेळेचा फेरा आहेच: रक्तक्षय सर्वांत वाईट दिसतो तेव्हा बाधित पेशी बऱ्याच गाळल्या गेलेल्या असतात.

सर्रा हा गोचिडांतून नव्हे, चावऱ्या माश्यांतून येणारा तापाचा आजार, तो तर लपाछपीच खेळतो. त्याचा परजीवी ट्रिपॅनोसोमा इव्हॅन्सी आपल्या अंगावरचं प्रथिनाचं कवच बदलत राहतो. प्रतिपिंडं एका पिढीला संपवतात तोवर वेगळ्या कवचाची दुसरी तयार होते, आणि रक्तातली संख्या लाटेसारखी वरखाली होते. ब्रिटिश पशुवैद्यक ग्रिफिथ इव्हान्स यांना 1880 मध्ये डेरा इस्माईल खान इथे घोडे आणि उंटांच्या रक्तात हा परजीवी दिसला. उतरत्या लाटेत पट्टी कोरीच येणार. म्हणून ताप चढलेला असताना, आणि ओळीने काही दिवस रक्त घ्यावं. केशनळीत रक्त भरून सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवलं की पांढऱ्या पेशींचा पातळ थर बनतो. त्याच्या वरच्या सीमेवर दहाच्या भिंगाखाली वळवळ दिसते. साध्या ओल्या थेंबापेक्षा ही रीत कितीतरी तल्लख, पण रक्त ताजं हवं. दुपारभर उन्हात गाडीत राहिलेल्या नळीत वळवळ शोधू नका.

आता पट्टीबद्दल, कारण अर्धे नमुने आजारामुळे नव्हे, हाताळणीमुळे वाया जातात. कान पुसलेलं स्पिरिट पूर्ण वाळू द्या. ओलावा राहिला तर पेशी तिथेच फुटतात. थेंब छोटा, पसरणारी काच 30 ते 45 अंशांत, आणि एकाच ओघात ढकलायची. रक्तक्षयाच्या जनावराचं रक्त पाण्यासारखं पळतं, तेव्हा कोन वाढवा आणि हात जलद चालवा. पट्टी लगेच हवेत हलवून वाळवा. दमट हवेत हळू वाळली की पेशींत चकाकणारी भोकं पडतात आणि नवशिका त्यांना परजीवी समजतो. पट्टी पक्की करायच्या, उघड्या राहिलेल्या मिथेनॉलने पाणी ओढलं असेल तरी हाच प्रकार होतो. वाळत ठेवलेल्या पट्ट्यांवर माश्या बसू देऊ नका. त्या रक्त चाटून नेतात, हे विनोदाने सांगत नाही. शवविच्छेदनाची फॉर्मॅलिनची बरणी आणि पट्ट्या एका खोक्यात कधीही नकोत. नुसत्या वाफेने रक्ताची रंग घेण्याची ताकद बिघडते आणि सगळं हिरवट-निळं दिसतं.

मिथेनॉलमध्ये 3 ते 5 मिनिटं, मग गिम्सा हा रंग एक भाग आणि 7.2 पीएचचं बफर नऊ भाग, 30 मिनिटं. मिश्रण दर वेळी ताजं करा. धुताना रंग ओतून टाकू नका, वरून पाणी सोडून तरंगणारी साय वाहून जाऊ द्या. ती पट्टीवर बसली की तिचे कण पेशींच्या कडेवर अॅनाप्लाझ्मासारखे दिसतात. ओळख अशी: भिंग किंचित वरखाली केलं की रंगाचा कण पेशीच्या वर वेगळ्या पातळीत तरंगतो, अॅनाप्लाझ्मा पेशीबरोबरच स्पष्ट-अस्पष्ट होतो.

इथे कोणीतरी म्हणतंच, ‘मग सरळ पीसीआर करा की.’ (परजीवीचा डीएनए वाढवून ओळखणारी तपासणी.) करावा, पण तो काय सांगतो ते ओळखून. वर घेतलेल्या लाखात एकच्या उदाहरणात 200 मायक्रोलिटर रक्तात 14 हजार परजीवी असतील. त्यातला डीएनए 100 मायक्रोलिटर द्रवात उतरवून 2 मायक्रोलिटर वापरला, तरी निष्कर्षणात फार काही वाया गेलं नसेल तर नळीत 280 परजीवींचा ऐवज पोहोचतो. पट्टीशी तुलनाच नाही. रक्त मात्र ईडीटीए या गोठणरोधकाच्या नळीत घ्या. हेपॅरिन हे दुसरं गोठणरोधक पीसीआरची प्रक्रियाच अडवतं, आणि निगेटिव्ह येतो तो नळीमुळे.

आणि पीसीआर पॉझिटिव्ह आला म्हणून आजचा ताप त्याचाच, असंही नाही. थायलेरिया आणि अॅनाप्लाझ्मातून बरी झालेली जनावरं महिनोन्‌महिने, कधी जन्मभर वाहक राहतात. धडधाकट गायीतही पीसीआरचा पट्टा उमटतो, म्हणजे पॉझिटिव्ह येतो. म्हणून त्याच्या शेजारी लाल पेशींचं प्रमाण ठेवून वाचा. गायीत ते 24 ते 46 टक्के असतं. ते 30 वर स्थिर आहे आणि गाठी सुजलेल्या नाहीत, तर तापाचं दुसरं कारण शोधा. ते 15 वर घसरलंय आणि पट्टीतही परजीवी दिसतोय, तर वाद उरत नाही. कळपाचा अभ्यास करताना फक्त आजारी जनावरं तपासली तर हा फरक कधीच कळणार नाही, निरोगीही तितकीच तपासावी लागतात.

हाच घोटाळा गोचिडांच्या अभ्यासात जास्त होतो. रक्त पिऊन टम्म झालेल्या गोचिडात थायलेरियाचा डीएनए सापडला, तर त्यातून एवढंच कळतं की त्याने बाधित रक्त प्यालं. तो रोग पसरवतो हे ठरवायला कात टाकून पुढच्या अवस्थेत गेलेला, अजून न प्यालेला गोचीड किंवा त्याची लाळग्रंथी तपासावी लागते, आणि शेवटी निरोगी जनावरावर चिकटवून रोग होतो का ते पाहावं लागतं. अमेरिकी संशोधक स्मिथ आणि किलबोर्न यांनी 1893 मध्ये बबेसियाच्या रोगाबद्दल गोचिडांची भूमिका दाखवली ती जनावरांवरच्या प्रयोगांतूनच. बबेसिया मादीच्या अंड्यांतून पुढच्या पिढीत जातो, थायलेरिया जात नाही. त्यामुळे अंड्यातून नुकती आलेली हायलोमाची पिल्लं थायलेरियाच्या बाबतीत कोरी असतात, बूफिलस या दुसऱ्या जातीच्या गोचिडाची पिल्लं बबेसियाच्या बाबतीत तशी धरता येत नाहीत.

गोचीड पाठवायचे असतील तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा, तोंडाचा भाग तुटला की जात ओळखणं अवघड होतं. 70 टक्के अल्कोहोलच्या कुपीत टाका आणि चिठ्ठी शिसपेन्सिलने लिहून कुपीच्या आत घाला. बाहेर पेनाने लिहिलेलं नाव अल्कोहोलचा एक थेंब सांडला की पुसलं जातं. चिठ्ठीवर जनावराचा क्रमांक, तारीख, अंगावरची जागा, ताप किती आणि शेवटचं औषध केव्हा दिलं एवढं हवं. त्यातली औषधाची वेळ सर्वांत जास्त वेळा राहून जाते, आणि कोऱ्या पट्टीचा अर्थ लावायला तीच सर्वांत आधी लागते.